ज्यू, समलिंगी आणि युरोपचा कायदा



ज्यू म्हटला की आपल्यापुढे कोकणातला शनवार तेली उभा राहतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारा आणि घरी आपल्यासारखीच मराठी बोलणारा. युरोपातल्या ज्यूची कहाणी निराळी आहे. त्याने कोणत्या वस्तीत राहावे, कोणता धंदा करावा, हे तेथे शतकानुशतके दुसरेच ठरवीत आले. आज मला त्याच्याबरोबर आणखी एका वर्गाविषयी बोलावयाचे आहे. पुरुषाचे मन पुरुषाकडे किंवा स्त्रीचे स्त्रीकडे ओढ घेते अशी माणसे सर्व समाजांत असतात; त्यांना आपण समलिंगी म्हणतो. या दोघांची मोट एकत्र कशाला, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच, की युरोपच्या कायद्याने दोघांना पुनःपुन्हा एकाच सुमारास हाती घेतले आणि दर वेळी न्याय मात्र निरनिराळा दिला.

१७९१ चा सप्टेंबर घ्या. पॅरिसच्या राष्ट्रसभेने दोन वर्षे वाद घालून अखेर २७ तारखेला ज्यूंना नागरिकत्व दिले. त्याच दिवसांत नवे दंडविधानही मंजूर झाले. ज्या संबंधासाठी १७५० साली त्याच शहरात दोघांना देहान्त शासन झाले होते, तो गुन्हाच या नव्या विधानात नव्हता. त्यावर कोणी भाषण केले नाही. एकाला हक्क मिळाला तो वादविवादातून, दुसऱ्याची सुटका झाली ती मौनातून. बोलून दिलेल्या हक्काला अट चिकटली होती. क्लेरमाँ-तोनेर हा ज्यूंचा कैवारी, पण तोही १७८९ मध्ये म्हणाला होता की, व्यक्ती म्हणून ज्यूला सर्व काही द्यावे, वेगळे राष्ट्र म्हणून काहीही देऊ नये. म्हणजे आत या, पण आमच्यासारखे होऊन या!

जर्मनीत गाडी उलटी चालली. १८७१ साली साम्राज्य एक झाले आणि ज्यूंना सर्वत्र कायद्याने समान हक्क मिळाले. त्याच वर्षी प्रशियाचे दंडकलम १७५ व्या क्रमांकाने साऱ्या देशाला लागू करण्याचे ठरले. बव्हेरियात १८१३ पासून हा गुन्हा नव्हता; एकीकरणाने तो तेथेही आणला. उलरिक्स नावाच्या वकिलाने १८६७ मध्येच म्यूनिकला कायदेपंडितांच्या परिषदेत उभे राहून याविरुद्ध बोलण्याचा प्रयत्न केला होता. सभेने ओरडून त्याला खाली बसविले.

हे काम पुढे ज्याने नेटाने चालविले तो बर्लिनचा डॉक्टर मागनुस हिर्शफेल्ड जन्माने ज्यू आणि स्वतः समलिंगी होता. १८९७ साली त्याने या कलमाविरुद्ध समिती स्थापिली, सह्या गोळा केल्या. १९१९ मध्ये लैंगिक शास्त्राची संस्था काढली. १९२० मध्ये म्यूनिकला गुंडांनी त्याला मारून रस्त्यात टाकले. मेला, असे समजून. तो वाचला. १९२९ मध्ये संसदेच्या समितीने कलम काढण्याच्या बाजूने मतही दिले, पण कायदा झाला नाही. १९३१ साली जगप्रवासात हा गृहस्थ हिंदुस्थानातही येऊन गेला. परत मायदेशी मात्र जाता आले नाही. १९३३ च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी त्याची संस्था लुटली आणि १० तारखेला ग्रंथसंग्रह चौकात जाळला. ती होळी त्याने पॅरिसच्या सिनेमागृहात वृत्तपटात पाहिली. १९३५ साली नीस येथे तो वारला.

त्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि कलम १७५ अधिक कडक करण्यात आले. येथे एक सांगितले पाहिजे. दोघांच्या यातना एका तराजूत घालता येत नाहीत. साठ लाख ज्यू मारले गेले. लहान मूलही सोडले नाही. कलमाखाली सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या, त्यांतले हजारो छळछावण्यांत गेले, आणि तेथे त्यांच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण शिवला गेला.

परंतु युद्ध संपल्यावरचा प्रकार मला अधिक विचार करावयास लावतो. छावणीची दारे दोघांसाठी उघडली, पण बाहेर आल्यावर ज्यू हा अत्याचारपीडित ठरला आणि गुलाबी त्रिकोणवाला गुन्हेगारच राहिला. पश्चिम जर्मनीच्या १९५६ च्या भरपाईच्या कायद्यात वंश, धर्म आणि राजकीय मत यांसाठी छळलेल्यांना जागा होती, याला नव्हती. कलम तर नाझींनी कडक केले त्याच शब्दांत १९६९ पर्यंत चालू राहिले. १९५७ मध्ये घटनान्यायालयाने ते वैध ठरविले. तारीख १० मे. ग्रंथांची होळी झाली तीच! लोकशाही आल्यानंतरच्या या वीस वर्षांत आणखी सुमारे ५०,००० लोकांना शिक्षा झाल्या. कलम पुरते गेले ते १९९४ साली. युद्धोत्तर काळातल्या शिक्षा रद्द झाल्या २०१७ मध्ये, आणि दर शिक्षेमागे तीन हजार युरो देण्याचे ठरले. घ्यायला फारसे कोणी उरले नव्हते.

ज्यूंचे तरी सारे ठीक झाले काय? २०१९ च्या ऑक्टोबरात, त्यांच्या सर्वांत पवित्र उपासाच्या दिवशी, हाले शहरात एका बंदूकधाऱ्याने प्रार्थनामंदिरात शिरण्याचा प्रयत्न केला. लाकडी दार टिकले म्हणून आतले लोक वाचले. बाहेर दोघे मारले गेले.

२७ जानेवारी २०२३ रोजी जर्मन संसदेने आपल्या वार्षिक स्मरणसभेत पहिल्यांदाच समलिंगी बळींना मध्यभागी ठेवले. त्या दिवशी सभागृहापुढे बोलली ती ॲमस्टरडॅमची एक वृद्ध ज्यू स्त्री. तिचे आईबाप आउशविट्झला मारले गेले; ती तान्ही असताना परक्या घरात, परक्या नावाने वाढली. स्वतःला लपवून जगणे म्हणजे काय, ते आपण जाणतो, एवढ्या नात्याने ती त्यांच्यासाठी उभी राहिली. तिच्यानंतर बोलावयास उभा राहिला तो १९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कलम १७५ खाली पकडला गेलेला एक गृहस्थ.