ठेव, कर्ज आणि नकार

रायपूरहून मुंबईस जाणारी आगगाडी नागपूर सोडल्यावर अकोल्यावरून पुढे जाते. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच मध्य प्रदेश राज्यात होती. अकोल्याच्या लक्ष्मी बँकेचे १९६० साली दिवाळे वाजले आणि त्याच वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँकही बुडाली. त्यानंतर संसदेने ठेवविम्याचा कायदा केला व १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराच्या १५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण लाभले. २०२० साली ही मर्यादा ५ लाखांवर नेण्यात आली.

परंतु विमा सावरतो तो ठेवीदाराला. बँकेला सावधपणा शिकविणे त्याच्या हाती नाही. सर्व ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत आणि सर्व कर्जदार एकाच वेळी बुडणार नाहीत, अशा दोन भरवशांवर बँक चालते. पहिला भरवसा अफवेनेही मोडतो. २००८ साली अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर आपल्याकडे आयसीआयसीआय बँकेपुढे पैसे काढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने तिची स्थिती भक्कम असल्याचे जाहीर केले, रोकड पुरविण्याची व्यवस्था केली, आणि ती भीती ओसरली. दुसरा भरवसा मोडला म्हणजे निवेदनाने भागत नाही.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे तसे झाले. नागरी सहकारी बँकेने एका कर्जदारास आपल्या भांडवली निधीच्या १५ टक्क्यांहून व एका समूहास ४० टक्क्यांहून अधिक कर्ज देऊ नये, असा त्या वेळी नियम होता. येथे तर एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम घरबांधणीच्या एकाच उद्योगसमूहाकडे गेली होती! २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले; ठेवीदारास आरंभी अवघे एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवींची फेड दहा वर्षांपर्यंत लांबली.

आम्हा कचेरीतील मंडळींना 'नाही' म्हणण्याबद्दल लोक नावे ठेवतात. बँकेत मात्र हा शब्द उच्चारणारा कोणी असावा लागतो. आणि ज्याची बढती वाटलेल्या कर्जाच्या आकड्यावर ठरते, त्याच्या तोंडून तो निघणे कठीण. म्हणूनच २०१७ साली रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना सांगितले की, जोखमीवर देखरेख ठेवणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यास धंदा वाढविण्याचे उद्दिष्ट देऊ नये. मला आणखी एक गोष्ट हवीशी वाटते. त्याचा नकार संचालकांनी डावलला, तर तसे इतिवृत्तात नावानिशी लिहिले जावे. आपले नाव राहणार असे दिसले की सही करणारा हात क्षणभर थबकतो, हे मी कचेरीत पुष्कळदा पाहिले आहे.