ईदची तयारी: कढईतली नानखटाई, कागदाचे कंदील आणि घरातले सगळे हात

(ईदपूर्वी युवक-युवतींसाठी झालेल्या कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



विषय ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं दिसतंय. शिक्षण, रोजगार, संविधान यावर बोलणाऱ्या व्यासपीठावर आज नानखटाई कशी काय? त्यातून बोलणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण माझं म्हणणं असं आहे की घरातली समानता पहिल्यांदा स्वयंपाकघरात मोजली जाते. शेजाऱ्याशी नातं भाषणातून कमी आणि ताटातून जास्त जुळतं. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू: ओव्हन नसताना बेकिंग कसं करायचं, सगळ्यांना खाता येईल अशी ईदची साधी पार्टी कशी मांडायची आणि जवळजवळ फुकटात सजावट कशी करायची. ही कामं कुणी करायची, हा चौथा प्रश्न मधेमधे येत राहील.

सुरुवात ओव्हनपासून करू. 'आमच्याकडे ओव्हन नाही' हे बेकिंग न करण्याचं सर्वात लाडकं कारण. पण तुमच्या घरी दम बिर्याणी होते ना? पातेल्याचं तोंड कणकेने बंद करायचं, खाली मंद आच, झाकणावर निखारे. वरून-खालून उष्णता आणि मधे कोंडलेली गरम हवा. ओव्हन याहून वेगळं काय करतो? म्हणजे ओव्हनचं तत्त्व आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच, फक्त त्याला आपण 'दम' म्हणतो.

आणि बेकरी तर आपल्या मोहल्ल्यातलीच. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 'नानखटाई'तला 'नान' फारसी, म्हणजे रोटी. सुरतेत डच व्यापाऱ्यांच्या काळातली एक बेकरी पुढे दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथे नानखटाई लोकप्रिय झाली, अशी हकिकत सांगितली जाते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आधी बायका घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानखटाई भाजून आणतात. त्यातल्या बऱ्याच बेकऱ्या मुसलमानांच्या. दिवाळीचा फराळ आपल्या भट्टीत भाजला जातो आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कृती. लिहून घ्या. साधारण अठरा-वीस नानखटाया होतील.

मैदा 125 ग्रॅम, बेसन 30 ग्रॅम, बारीक रवा 20 ग्रॅम, पिठीसाखर 75 ग्रॅम, घट्ट तूप 100 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

तूप वितळवू नका, रवाळ आणि घट्ट हवं. तूप आणि पिठीसाखर हाताने किंवा फेटणीने पाच-सात मिनिटं फेसा. मिश्रण हलकं आणि पांढरट झालं पाहिजे. मैदा, बेसन, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घ्या. ते, रवा आणि वेलची फेसलेल्या तुपात घाला आणि गोळा होईपर्यंत फक्त एकत्र करा. मळू नका. गोळा पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग लिंबाएवढे गोळे करून जरासे दाबा. वर पिस्ता किंवा चारोळी.

जाड बुडाची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कढई घ्या. तळाला कपभर जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर छोटी रिंग ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. ताटलीला तूप लावून त्यात नानखटाया अंतर सोडून मांडा, ताटली रिंगवर ठेवा, झाकण लावा आणि आच मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कडा सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना त्या मऊच लागतील, कच्च्या समजून परत ठेवू नका. गार झाल्यावर खुसखुशीत होतात. ओव्हन असेल तर 160 ते 170 अंशांवर अठरा-वीस मिनिटं पुरतात.

दोन सूचना सुरक्षेच्या. नॉनस्टिक भांडं कोरडं तापवायचं नाही, त्याचा लेप खराब होतो. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढून ठेवायच्या. शिट्टी लावून कोरडा कुकर तापवणं धोक्याचं आहे. वापरलेलं मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या बेकिंगला चालतं, जेवणात मात्र नाही.

आता 'का' हा प्रश्न. इंजिनिअर आहे, तो विचारल्याशिवाय राहवत नाही. मैद्याला पाणी लागलं आणि मळलं की त्यातलं ग्लुटेन चिवट जाळं तयार करतं. पावाला ते हवं असतं, नानखटाईला नको. तूप पिठाच्या कणांवर बसतं आणि ते जाळं बनू देत नाही, म्हणून तोंडात टाकताच ती विरघळते. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, तेच भाजताना फुगतात. केकचं गणित वेगळं. रव्याच्या केकमध्ये दही असतं. दही आंबट, सोडा त्याच्याशी लगेच भिडतो आणि वायू सुटायला लागतो. म्हणून सोडा सगळ्यात शेवटी घालायचा आणि मिश्रण ताबडतोब तापलेल्या कढईत ठेवायचं. सोडा घालून फोनवर बोलत बसलात तर वायू निघून जातो आणि केक बसतो. हे एकदा समजलं की कृती पाठ करावी लागत नाही. कुठे काय बदललं तर काय होईल, हे तुमचं तुम्हाला कळतं.

पार्टीकडे वळू. आपल्यातले बरेच जण पुण्यात, मुंबईत, बंगळुरूला नोकरी करतात, फ्लॅटवर राहतात. ईदच्या संध्याकाळी ऑफिसातले मित्र येतात. त्यात कुणी शाकाहारी, कुणी जैन, कुणाला अंडं चालत नाही. अशा वेळी एकच मोठी बिर्याणी करून 'तुमच्यासाठी वेफर्स आणलेत' म्हणणं बरं दिसत नाही. माझा नियम सोपा आहे: टेबलावरच्या बहुतेक वस्तू सगळ्यांना खाता आल्या पाहिजेत. ज्या वस्तूत मांस किंवा अंडं आहे ती वेगळ्या भांड्यात शिजवायची, वेगळ्या चमच्याने वाढायची, आणि समोर चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी ठेवली की पाहुण्याला संकोचून विचारावं लागत नाही.

बारा जणांसाठी माझी यादी: दहीवडे, छोल्यांची चाट, चायना ग्रासचं पुडिंग, बिनअंड्याचा रव्याचा केक आणि मांसाहारी एकच पदार्थ, खिम्याचे पॅटिस. पाव किलो उडदाच्या डाळीचे वीस-पंचवीस वडे होतात. अर्धा किलो काबुली चणे भिजून-शिजून साधारण दुप्पट होतात. चाटमध्ये कांदा आणि बटाटा वरून घ्यायला वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे जैन मित्रही निवांत खातो.

चायना ग्रासबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. 10 ग्रॅम चायना ग्रास कपभर पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मंद आचेवर पूर्ण विरघळवा, आणि साखर घालून गरम असलेल्या एक लिटर दुधात गाळून ओता. दूध गरमच हवं, गार दुधात गुठळ्या होतात. मग बदाम, वेलची घालून ताटात ओता. फ्रीज नसला तरी ते जमतं. आता गंमत. बाजारातल्या जेलीत बऱ्याचदा जिलेटिन असतं, जे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ते पाकीट हातात घेऊन मुसलमान माणूस विचारतो, हे हलाल आहे का? आणि शाकाहारी माणूस विचारतो, हे व्हेज आहे का? दोघंही एकाच ओळीवर बोट ठेवून उभे असतात. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे दोघांचाही प्रश्न एका झटक्यात सुटतो. एकत्र जेवायचं ठरवलं तर वाट सापडते, ती अशी.

आता वेळापत्रक, आणि इथेच चौथा प्रश्न येतो. आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन निदान कॅलेंडरवर असते. ईदची चंद्रावर असते, 29 की 30 हे आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. त्यामुळे सगळी कामं चांदरातीला एकदम अंगावर येतात. कुणाच्या? अम्मीच्या, भाभीच्या, बहिणीच्या. आपण पुरुष नवीन कपडे घालून नमाजला जातो, गळाभेटी घेऊन परततो आणि गरम शीरखुर्मा तयार असतो. दिवसभर पाहुणे येतात, कप धुतले जातात, परत भरले जातात. घरातल्या किती बायकांनी ईदच्या दिवशी निवांत बसून, गरम असताना शीरखुर्मा खाल्लाय? घरी जाऊन विचारा. उत्तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

हजरत आयेशा यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला माहीत आहे की पैगंबर (स.) घरातल्या कामात हातभार लावत. मग चप्पल बाहेर काढून स्वयंपाकघरात शिरायला आपल्याला कसली लाज?

काम वाटायचं असेल तर आधी ते फोडावं लागतं. नानखटाई हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस टिकते, म्हणजे ती शेवटच्या अशऱ्यातच होऊ शकते. तरावीहनंतर रात्री करा, चवही बघता येते. शीरखुर्म्याचा सुका मेवा चार दिवस आधी कापून तुपात परतून ठेवता येतो. शेवया भाजून ठेवता येतात. खारीक आदल्या रात्री भिजते. सकाळी उरतं फक्त दूध आटवणं आणि सगळं एकत्र करणं. वडे आदल्या दिवशी तळून ठेवा, भिजवा ईदच्या दुपारी. आता ही कामं एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे नाव घाला आणि कागद फ्रीजवर लावा. 'सांगितलं तर करीन' असं म्हणणारे भाऊ घरोघर आहेत. पण सांगणं हेही एक कामच असतं, आणि तेही अम्मीच करत असते. कागदावर नाव आलं की सांगावं लागत नाही. भांडी घासणं हेही यादीत लिहा, ते विसरू नका.

खर्चाचं बोलू. हल्ली ईदची सजावटही विकत मिळते: फुगे, बॅनर, झगमगते कंदील, तयार 'ईद बॉक्स'. दुसऱ्याच्या घरचा फोटो बघून आपल्या घरी आणायचा ताण होतो. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण आहे, तिथे तो ताण थेट मुलांपर्यंत पोहोचतो. म्हणून हातानं करायच्या तीन वस्तू सांगतो.

पहिली, कंदील. जाडसर रंगीत कागद लांबीत मधोमध दुमडा. दुमडलेल्या कडेकडून दीड-दीड सेंटिमीटर अंतरावर काप द्या, समोरची दोन सेंटिमीटर कड मात्र न कापता सोडा. उलगडा, गोल वळवून कडा चिकटवा, वर कागदाची कडी लावा. मैद्याची खळ पुरते, गोंदही लागत नाही. आत मेणबत्ती ठेवू नका, बॅटरीचा छोटा दिवा ठेवा.

दुसरी, आठ टोकांचा तारा. सारख्या मापाचे दोन चौरस कापा आणि एकावर एक 45 अंश फिरवून चिकटवा. झाला तारा. स्पेनमधल्या अलहंब्राच्या भिंतींवर हाच आकार पुन्हा पुन्हा येतो. दहा-बारा तारे दोऱ्यात ओवले की तोरण. मुलांना भूमिती शिकवायला यापेक्षा सोपा धडा नाही.

तिसरी, ईदीची पाकिटं. घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि सुंदर असतो. त्यावर आयत, देवाचं चित्र किंवा नावं असतील तो भाग बाजूला ठेवा आणि कोरा, नक्षीचा भाग वापरा. पत्रिका निकाहची असो की शुभविवाहाची, पाकीट छानच होतं.

आकाशकंदील करणारी मुलं तुमच्या इमारतीत असतीलच. त्यांना बोलवा. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद यात त्यांचा हात तुमच्याहून साफ असेल. दिवाळीला तुम्ही त्यांच्याकडे जा.

शेवटी तीन कामं देतो, फार नाहीत. या ईदला प्रत्येक मुलानं एक पदार्थ सुरुवातीपासून भांडी घासण्यापर्यंत स्वतः करायचा. नानखटाईचा एक घाणा जास्तीचा करायचा आणि त्यातला एक डबा शेजारच्या घरी, एक डबा ज्याच्याकडे ईद तंगीत आहे त्याच्या घरी द्यायचा. फितरा आपण ईदच्या नमाजआधी देतो तो त्याच्याही घरी ईद व्हावी म्हणून. डबा द्यायचा तोही त्याच भावनेनं, गाजावाजा न करता. आणि ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची पहिली गरम वाटी अम्मीच्या हातात द्यायची, तिला बसवून.

आता बोलणं पुरे. मागच्या टेबलावर दोन शेगड्या, चार कढया आणि मोजून ठेवलेलं साहित्य आहे. पाच-पाच जणांचे गट करा. तूप फेसायला मुलगे आधी या.

आगाऊ ईद मुबारक.