उद्योगनगरीचे पाणी : पिंपरी-चिंचवड ते चाकण
(भाषणाचा सारांश)



पुण्याच्या वायव्येस, मुंबईच्या हमरस्त्यावर व लोहमार्गावर पिंपरी-चिंचवड वसले आहे. मोरया गोसावींचे समाधिस्थान आणि चापेकर बंधूंचे गाव म्हणून चिंचवडची कीर्ती जुनीच. तथापि पवनाकाठच्या या शेतकरी गावांचे रूप पालटले ते १९५४ नंतर. त्या वर्षी पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे भोसरीचे लघुउद्योग उभे राहिले.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली आदी गावे तीत समाविष्ट झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली.

दरम्यान उद्योगांचा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजविलेला संग्रामदुर्ग येथलाच. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव मोटारींचे केंद्र बनले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००७ मध्ये आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली. उद्योग स्थलांतर करू शकतो; गाव मात्र जागीच राहते.

या साऱ्या वैभवाचा आधार पाणी होय. मावळातील पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी शहर रावेत येथे उचलते. ते धरणातूनच बंद नळाने नेण्याची योजना आली तेव्हा नदीकाठची शेती कोरडी पडेल, अशी मावळच्या शेतकऱ्यांना धास्ती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि काम थांबले. २०१९ मध्ये शहरावर दिवसाआड पाणी घेण्याची पाळी आली. अडचण दोन्ही बाजूंची खरी होती. तिची उकल आधी बसून करावयास हवी होती.

वापरलेल्या पाण्याचा प्रश्नही तितकाच बिकट आहे. सांडपाण्यामुळे आळंदीस इंद्रायणीवर फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे.

चाकण परिसरातील ग्रामपंचायतींनी यापासून बोध घ्यावा. कारखाना आला की कामगार येतात, खोल्या उठतात, विहिरींवर ताण पडतो. म्हणून बांधकामास संमती देण्यापूर्वी पाणी कोठून येणार व सांडपाणी कोठे जाणार, हे दोन प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत. अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरे आकड्यांनिशी द्यावीत. शिक्षकांनी मुलांना एकदा तरी नदीकाठी न्यावे. कारण उद्या या गावांचा कारभार त्यांनाच पाहावयाचा आहे.