सायकलवरून समुद्र ते समुद्र

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. आज मी सांगणार आहे ते खेड्यापाड्यांचे, मेंढ्यांचे आणि दगडी बांधांचे इंग्लंड; तेही सायकलच्या सीटवरून पाहिलेले.

२०२२ च्या जून महिन्यात मी हा प्रवास एकट्याने केला. वय अठ्ठावन्न, शाळेतून नुकताच निवृत्त झालेलो. भाचा तिकडे नोकरीला, सायकल त्याचीच. घरच्यांचा एकच प्रश्न, "जायचे तर जा, पण एकटे कशाला?" त्याचे उत्तर मला वाटेत मिळाले, ते पुढे सांगतो.

इंग्लंडच्या उत्तर भागात देशाची रुंदी कमी आहे. पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटहेवन हे एके काळच्या कोळसाखाणींचे बंदर, पूर्व किनाऱ्यावर संडरलंड. या दोहोंना जोडणारा सायकलींचा मार्ग १९९४ साली खुला झाला. लांबी सुमारे १४० मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. बहुतेक लोक पश्चिमेकडून निघतात, कारण तिकडचा वारा बहुधा पश्चिमेचा. तो पाठीशी घ्यायचा. निघताना मागचे चाक एका समुद्रात भिजवायचे आणि पोचल्यावर पुढचे चाक दुसऱ्या समुद्रात, असा तिथला रिवाज आहे. मीही तो पाळला.

सामान काय घ्यावे? दोन किलोंचा तंबू, निजायची पिशवी, छोटा स्टोव्ह, एक पातेले, तांदूळ, डाळ, थोडे बेसन. सायकलीसाठी पाना, पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान. शिवाय नकाशा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा. त्यात ओढा, चर्च, पायवाट, चढ सारे दाखवलेले असते. चढावर ओझे आपल्यालाच ओढायचे असते, त्यामुळे कशावाचून चालते हे पहिल्याच दिवशी कळते, बरं का!

सायकलवर तंबू बांधून फिरण्याची ही रीत जुनी आहे. टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या एका शिंप्याने १९०१ साली अशा सायकलस्वारांची संघटना उभी केली. आज त्या देशात तंबू घेऊन फिरणाऱ्यांची जी मोठी संस्था आहे, तिचे मूळ या शिंप्याच्या खटाटोपात आहे.

पहिले काही मैल रस्ता सोपा. खाणींसाठी घातलेले लोहमार्ग बंद पडले, रूळ उखडले, आणि त्या जागी सायकलींच्या वाटा केल्या. आगगाडीला मोठा चढ सोसत नाही, त्यामुळे सायकलवाल्यालाही तो सोसावा लागत नाही. पुढे मात्र सरोवरांचा डोंगराळ मुलूख लागतो. केझिक गावाजवळ कॅसलरिग येथे हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या शिळांचे मोठे वर्तुळ आहे. डोंगरउतारांवर चिखल-चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले बांध. अगदी आपल्या कोकणातले गडगेच!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हार्टसाइड घाटाच्या पायथ्याशी आलो. घाटमाथा १,९०० फुटांवर. पाऊस लागलेला, माथा धुक्यात बुडालेला, त्यात मागचे चाक पंक्चर. तंबू कुठे ठोकावा? इंग्लंडात मोकळे रान दिसले म्हणून मुक्काम करता येत नाही. जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, त्याची परवानगी लागते. समोर एक शेतघर दिसले. दार वाजवले. चाळिशीचा शेतकरी बाहेर आला. त्याने मला, सायकलीला आणि आभाळाला एकवार न्याहाळले आणि विचारले, "एकटेच का?" मी हो म्हणालो. त्याने कोपऱ्यातले कुरण दाखवले आणि अटी घातल्या: जाळ करायचा नाही, फाटक उघडे ठेवायचे नाही, मेंढ्यांमध्ये जायचे नाही.

रात्री साडेनऊलाही उजेड होता. पाऊस थांबल्यावर तो स्वतःच चहा घेऊन आला. मी फाटकाचा विषय काढला, तेव्हा तो बोलता झाला. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. तिची सर्वांत मोठी झळ या कंब्रिया परगण्याला लागली. साथ थांबवण्यासाठी कळपच्या कळप मारले गेले. कित्येक निरोगी जनावरेसुद्धा. रानातल्या वाटा लोकांना बंद झाल्या. तेव्हा हा तरुण पोरगा होता. त्याच्या वडिलांचा सारा कळप एका दिवसात गेला.

"मग नव्या मेंढ्या आणल्या असतील," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मेंढ्या विकत मिळतात. पण डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या विकत मिळत नाहीत."

याचा अर्थ असा. तिकडच्या उघड्या डोंगरांवर कुंपण नसते. आपल्या कळपाचा चरायचा भाग कुठला, हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकते. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान असे चालत येते. कळप मेला की ते ज्ञानही मरते. नव्या मेंढ्यांना डोंगर शिकवायला त्या बापलेकांना कित्येक वर्षे लागली. तेवढे ऐकल्यावर त्या फाटकाची कडी लावताना मी दोनदा तपासून पाहिली.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते इथे. चौघे मिळून गेलो असतो, तर आपापसांतच बोलत बसलो असतो. एकटा माणूस दार वाजवतो, तेव्हा त्याला दुसऱ्याचे ऐकून घ्यावेच लागते.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो. काही वेळ सायकल ढकलत. माथ्यावरचे चहाचे दुकान २०१८ साली आगीत जळाले आहे, तेव्हा स्टोव्हवरच चहा केला. पुढे नेंटहेड हे शिशाच्या खाणींचे जुने गाव, मग ब्लॅक हिल हा मार्गावरचा सर्वांत उंच टप्पा, ६०९ मीटर. कॉनसेट येथे १९८० साली बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जागेवरून वाट जाते. तिथून उतार, तो थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत.

त्या देशात रानावरचा हक्क कोणाचा, हा वाद जुना आहे. १९३२ साली किंडर स्काउट डोंगरावर शेकडो कामगार बंदी मोडून चढले. त्यांतले काही तुरुंगात गेले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. दक्षिणेकडच्या डार्टमूरच्या माळावर परवानगीवाचून रात्र काढण्याची मुभा होती. तीही एका जमीनमालकाने न्यायालयात आव्हान देऊन थांबवली, ती अपिलात परत मिळाली, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चालणाऱ्याला रान हवे आणि शेतकऱ्याला आपली फाटके बंद हवीत. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून हक्काइतकीच वागण्याची रीत महत्त्वाची.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या मुलांना याचा धडा द्यायला इंग्लंड कशाला हवे? तालुक्याचा नकाशा हाती द्या आणि मोठ्या मुलांना सायकलीवर दोन गावे पलीकडे न्या. कुणाच्या शेतात थांबायचे तर आधी विचारायला लावा, निघताना जागा होती तशी करायला लावा. आणि त्या शेताच्या धन्याला दोन प्रश्न विचारायला लावा. पुस्तकात नसलेले पुष्कळ काही मुलांना तिथे ऐकायला मिळेल.