गाळप आणि उतारा

(पाटस येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेचे एक कार्यकर्ते फोनवर म्हणाले, "सर, आपल्याकडे टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. माणसं येतील का?" मी म्हटलं, कुस्ती आणि कबड्डी कळणारी माणसं येऊ द्या, पुढचं मी बघतो. मी जन्मभर शाळेत क्रीडाशिक्षक होतो. टेनिस मी खेळलो नाही, नुसतं बघितलं. पण ते बघताना डोक्यात सतत आपली मैदानंच होती.

कबड्डीत शेवटचं मिनिट उरलंय आणि आपण चार गुणांनी पुढे आहोत. आपला चढाईपटू काय करतो? निदान रेषा ओलांडतो, इकडेतिकडे नाचतो आणि परत येतो. वेळ काढतो, आणि ते योग्यच आहे. टेनिसमध्ये ही सोय नाही. तिथं सामना संपवणारं घड्याळच नाही. तुम्ही कितीही पुढे असा, शेवटचा गुण तुम्हालाच मिळवावा लागतो. जत्रेतल्या निकाली कुस्तीसारखं आहे हे. पाठ लावल्याशिवाय आखाडा सोडता येत नाही.

आता १४ जुलै २०१९ हा दिवस घ्या. विम्बल्डनचा अंतिम सामना. रॉजर फेडरर ३८ व्या वर्षाला टेकलेला, समोर नोवाक जोकोविच. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याचीच आणि गुण ४०-१५. दोनपैकी एक गुण मिळाला की विजेतेपद. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं चेंडू त्याच्या बाजूनं तिरका काढला. सामना चालूच राहिला. ४ तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला.

त्या सामन्यात फेडररनं २१८ गुण मिळवले आणि जोकोविचनं २०४. चौदा गुण जास्त मिळवून माणूस हरला! कारण टेनिसमध्ये सगळ्या गुणांची एकत्र बेरीज होत नाही. ६-१ नं जिंकलेला सेटही एकच आणि टायब्रेकवर रडतखडत जिंकलेला सेटही एकच. त्या दिवशी तीन टायब्रेक झाले, तिन्ही जोकोविचचे. नंतर त्यानं सांगितलं, की प्रेक्षक "रॉजर, रॉजर" ओरडत होते तेव्हा मी मनात "नोवाक, नोवाक" असं ऐकत होतो. परगावच्या जत्रेत, समोर सगळी प्रतिस्पर्ध्याच्याच गावची माणसं असताना कुस्ती मारलेल्या पैलवानाला यातलं मर्म समजावून सांगायला नको.

म्हणून फेडरर मनानं कच्चा ठरतो का? मुळीच नाही. २०२४ साली एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यानं स्वतःचा हिशेब मांडला. १५२६ एकेरी सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले, आणि गुण मात्र फक्त ५४ टक्के मिळवले. म्हणजे एवढा मोठा खेळाडू जवळजवळ निम्मे गुण घालवतच होता. गेलेला गुण तिथंच ठेवून पुढच्याला उभं राहायचं, असं त्याचं सांगणं होतं.

हे न जमलेला माझा एक विद्यार्थी होता. चपळ, अंगात पाणी असलेला पोरगा. आंतरशालेय अंतिम सामन्यात त्याची पकड झाली, चांगली जमिनीवर दाबून. पाचेक मिनिटांनी तो परत आत आला, पण नुसता अंगानं आला. मन बाहेर बाकावरच बसलेलं. रेषेपर्यंत जायचा, त्याच कोपरारक्षकाकडे बघायचा आणि माघारी फिरायचा. आम्ही हरलो. मी त्याला "मन खंबीर ठेव" म्हणून ओरडत राहिलो. आज वाटतं, ते ओरडणं म्हणजे तापलेल्याला "थंड हो" म्हणण्यासारखं होतं. काय करायचं ते मी सांगतच नव्हतो.

टेनिसपटू काय करतात ते मी पुण्याच्या बालेवाडीत बघितलं. जानेवारी २०१९, महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना. केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोव्हिच, दोघंही साडेसहा फुटांच्या वरचे. कार्लोव्हिचचं वय ३९. वरच्या रांगेतून चेंडू नीट दिसेचना, म्हणून मी गुण संपल्यावर ही माणसं काय करतात तेवढंच बघायचं ठरवलं. पुढची सर्व्हिस करायला २५ सेकंद मिळतात. त्यात पाठ फिरवायची, टॉवेलकडे जायचं, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या. त्या वाकड्या असतातच असं नाही. दोन-तीन चेंडू मागायचे, एक परत टाकायचा, उरलेल्यातला एक आपटायचा. बिनतोड सर्व्हिस पडली तरी तेच आणि सोपा चेंडू नेटमध्ये मारला तरी तेच. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले, शेवटचा ७-५ असा अँडरसनकडे. हा तोच अँडरसन, जो आधीच्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत ६ तास ३६ मिनिटं खेळून पाचवा सेट २६-२४ असा जिंकला होता.

खंबीरपणा म्हणजे शांत चेहरा, असंही कुणी समजू नये. फेडरर पोरवयात रॅकेटी आपटायचा. जोकोविच तर मोठेपणीही आपटतो, आणि २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये रागानं मारलेला चेंडू रेषेवरच्या पंच बाईंना लागला म्हणून त्याला स्पर्धेतूनच काढलं. पण चिडल्यानंतर किती लवकर परत खेळात येतो, ते बघा. बेलग्रेडवर १९९९ मध्ये बॉम्ब पडत होते तेव्हा हा तिथंच होता, अकरा-बारा वर्षांचा. तरी तो म्हणतो, की मनाचा हा खंबीरपणा जन्मजात नाही, सरावानं येतो. मला त्याचं पटतं.

आता विक्रमांकडे. जोकोविच २४ ग्रँड स्लॅम, नदाल २२, फेडरर २०. संपला वाद? भीमा साखर कारखान्याच्या गावात मी हे सांगायला हवं असं नाही, पण किती ऊस गाळला, त्या नुसत्या गाळपावर कारखाना जोखत नाहीत, त्यातून साखर किती निघाली तो उताराही बघतात. स्वीडनचा बोर्ग फक्त २७ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळला आणि ११ जिंकला. फेडरर ८१ खेळला. उताऱ्यात बोर्ग कितीतरी वर. पण तो २६ व्या वर्षीच थांबला. ऐन हंगामात तोडलेल्या उसाचा उतारा चांगलाच असणार. उन्हाळ्यापर्यंत फडात उभा राहिलेल्याचा घसरतो. आणि फ्रेंच ओपनच्या मातीवर नदालचे ११२ विजय, ४ पराभव. त्या उताऱ्याला तोड नाही, पण तो एकाच रानातला.

रॉड लेव्हरचे आकड्यात ११ च. त्यानं १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या, मग तो व्यावसायिक झाला आणि तेव्हाच्या नियमानं पाच वर्षं त्याला या स्पर्धांचं दार बंद. परतल्यावर १९६९ मध्ये पुन्हा चारही जिंकल्या. ती पाच वर्षं कुठल्या रकान्यात मांडायची?

मोनिका सेलेसचं तर सांगताना अजून जीव कळवळतो. १९ वर्षांची पोर, ८ ग्रँड स्लॅम नावावर. ३० एप्रिल १९९३ ला हँबर्गमध्ये सामन्यादरम्यान खुर्चीत बसली होती, तेव्हा स्टेफी ग्राफच्या एका चाहत्यानं तिच्या पाठीत सुरा खुपसला. दोन वर्षांहून जास्त काळ ती खेळली नाही. ग्राफची एकूण विजेतेपदं २२, त्यातली सहा सेलेस मैदानाबाहेर होती त्या काळातली. ग्राफचा यात काडीचाही दोष नाही आणि ती थोर खेळाडू आहेच. पण ग्राफचे २२ आणि सेलेसचे एकूण ९ हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायला माझा हात धजत नाही. ती परत आली आणि १९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, यापुढे मला बाकीचे तक्ते फिके वाटतात.

आता विक्रम बाजूला ठेवून आपल्या मातीतलं एक उदाहरण. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मुलगा गौरव मात्र टेनिसच खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. नंदूंनी खेळ सोडला याला हार मानणं म्हणायचं की शहाणपण, हे तुम्ही ठरवा. मी शहाणपण म्हणतो.

आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातली, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. ३० सप्टेंबर २०२३, हांगझोऊ, मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. सोबत ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर तैवानची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ असा घेतला. मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. तिथं प्रत्येक गुण सोन्याचा आणि गेलेल्या गुणासाठी हळहळायला पुन्हा तेच २५ सेकंद. तो टायब्रेक त्यांनी १०-४ असा जिंकला. म्हणजे सुवर्णपदकाच्या त्या शेवटच्या चौदा गुणांतही चार गेलेच होते.