परगावचा धूर



गिरणीचे धुराडे उंच बांधले की शेजारच्या चाळीची तक्रार थांबते, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ठाऊक आहे. पण धूर जातो कोठे? अमेरिकेत 1970 नंतर ओहायो नदीच्या खोऱ्यातील कोळशाच्या वीजकेंद्रांनी अशीच उंचच उंच धुराडी उभारली. गावची हवा कायद्यात बसली आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघाली.

ओझोन धुराड्यातून निघत नाही. ही ऑक्साइडे आणि पेट्रोल, रंग यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या, की तो हवेतच तयार होतो. गंमत अशी, की ताजा धूर जेथे सुटतो तेथे तो ओझोनला खाऊनही टाकतो! वरच्या थरात मात्र ओझोन रात्रभर टिकतो, शेकडो मैल जातो आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापले की परक्या शहरावर उतरतो. उघड्यावर राबणाऱ्याची आणि दमेकऱ्याची छाती तोच जाळतो. शंभर कोटी भागांत 70 भाग ही 2015 सालची मर्यादा चिमुकल्या कनेक्टिकटला पाळता येत नाही, ती पुष्कळशी या परक्या धुरामुळे. शेजारच्या न्यूयॉर्कचा वाटाही त्यात आहेच.

1990 च्या कायद्याने ईशान्येकडील राज्यांना एकत्र बसवले. ओहायो त्यात नव्हते. मालकाला वगळून केलेली वाटाघाट आम्ही पुष्कळ पाहिली आहे! 2023 साली 23 राज्यांसाठी ‘चांगल्या शेजाऱ्याचा’ नियम निघाला. 27 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अर्जदारांत पहिले नाव ओहायोचे होते.