माळ वाढत होती, कावीळ उतरत नव्हती

(नळदुर्ग येथे झालेल्या महिलांच्या बैठकीत एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी याच गावची. माझी नोकरी बाहेर झाली, पण माहेर इथलंच. त्यामुळे इथे समोर बसलेल्यांत माझ्या खाला आहेत, भाभ्या आहेत, आणि ज्यांना मी लहानपणी कडेवर घेतलं त्या मुली आज स्वतःची मुलं मांडीवर घेऊन बसल्यात. म्हणून मी भाषण करणार नाही, घरात बोलते तसं बोलते.

गोष्ट १९९४ च्या पावसाळ्यातली आहे. माझी मोठी भाभी गरोदर होती, आठवा महिना. आधी बारीक ताप आला, मग जेवणाचा वास नको झाला. लघवी मोहरीच्या तेलासारखी व्हायला लागली. मग अम्मीच्या लक्षात आलं, डोळे पिवळे झालेत. कावीळ. आमच्याकडे कावीळ म्हटलं की डॉक्टर नाही, माळ. बाजूच्या गावात माळ घालणारा एक माणूस होता. त्याने बारीक काड्यांची माळ बांधून भाभीच्या डोक्यात घातली. म्हणाला, माळ वाढत जाईल, गळ्यात उतरेल, बेंबीपर्यंत आली की कावीळ गेली समजा.

माळ खरंच वाढली. रोज सकाळी ती मीच वितीने मोजायचे. पहिल्या दिवशी एवढी, तिसऱ्या दिवशी गळ्यात, सातव्या दिवशी छातीच्या खाली. घरात सगळे खूश. आठव्या दिवशी भाभी दिवसभर झोपून राहिली आणि रात्रभर जागी. मला तिच्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. आम्ही समजलो, अशक्तपणा आहे. पहाटे जीप करून सोलापूरला नेलं. दुसऱ्या रात्री ती गेली. बाळही गेलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी नर्सिंगला गेले. तिथे कळलं की दिवसा झोप, रात्री जाग, माणूस ओळखता न येणं, हे काविळीत अशक्तपणाचं लक्षण नसतं. लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत पोचतं, त्याचं ते लक्षण असतं. मी माळ मोजत होते. मोजायला हवं होतं ते दुसरंच.

माळ का वाढते, तेही सांगते, कारण आजही ती घातली जाते. काड्या ओल्या असताना विशिष्ट गाठीने बांधतात. काडी वाळली की आकसते, गाठीतला दोरा सुटा होतो आणि माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवा, तिथेही लांबेल. खुंटीला काही कावीळ झालेली नसते. तसंच हात धुऊन पिवळं पाणी काढतात ते. आधी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, पाण्यात चुना असतो, दोन्ही मिळाले की पाणी पिवळं. नाकात कडू औषधाचे थेंब टाकतात आणि नाकातून पिवळं पाणी गळतं. ते नाकाच्या आतल्या कातडीला झालेल्या जखमेचं पाणी असतं. डाग देतात त्याबद्दल तर बोलायलाच नको. तापलेल्या सळईने लिव्हर बरं होत नाही, पोर मात्र आयुष्यभर वण घेऊन फिरतं.

मग लोकांचा विश्वास का बसतो? कारण दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ आपोआप, तीन-चार आठवड्यांत बरी होते. माळ घातली तरी, नाही घातली तरी. बरे झालेले गावभर सांगतात. जे बरे होत नाहीत ते सांगायला उरत नाहीत.

दुआला माझा विरोध नाही, मीही करते. दम केलेलं पाणी प्यायचं असेल तर प्या. फक्त ते आधी उकळलेलं असू द्या.

आता पिवळेपणा येतो कुठून? आपल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ निघतो. लिव्हर तो गोळा करतं, पित्तात घालतं, पित्त नळीतून आतड्यात उतरतं. शौचाचा नेहमीचा रंग त्या पित्तामुळेच असतो. या वाटेवर कुठेही बिघाड झाला की पिवळं रक्तातच साठतं. पेशी फार भराभर मोडल्या, म्हणजे मलेरिया, सिकलसेल, थॅलेसेमिया, तरी कावीळ. लिव्हरलाच सूज आली, विषाणूने, दारूने, एखाद्या औषधाने, तरी कावीळ. आणि लिव्हर चांगलं आहे, पण पुढची नळी खड्याने किंवा गाठीने बंद झाली, तरी कावीळच. म्हणजे कावीळ हा रोगच नव्हे, तो आत काहीतरी बिघडल्याचा निरोप आहे. एकाच माळेने हे सगळे रोग कसे बरे होतील?

ओळखायचं कसं? कातडीवर जाऊ नका. आपल्या सावळ्या रंगावर पिवळेपणा उशिरा दिसतो. उजेडात, दारात उभं करून डोळ्यांचं पांढरं बघा. बल्बच्या उजेडात नको, त्यात सगळेच पिवळे दिसतात. तळहात पिवळे आहेत पण डोळे स्वच्छ पांढरे, असं असेल तर बहुधा गाजर-पपई जास्त झालीय, घाबरू नका. एका लग्नात मी गेले होते. नवरीला दोन दिवस हळद लागलेली, सगळ्या म्हणत होत्या काय तेज आलंय! मी मुलीच्या डोळ्यांत बघितलं, ते पिवळेजर्द. तिला आठवडाभर उलट्या होत होत्या, पण लग्नाच्या गडबडीत कुणाला सांगायची सोय नव्हती. रुखसती चार दिवस पुढे ढकलली म्हणून सासरचे रुसले. रुसू देत.

डोळ्यांनंतर लघवीचा रंग विचारा आणि शौचाचा विचारा. हे विचारायला आपल्याला लाज वाटते, विशेषतः घरातल्या मोठ्यांना. माझे एक नात्यातले चाचा होते, साठीच्या पुढचे. अंगाला खाज, वजन उतरलेलं, पोट दुखत नाही, ताप नाही. शौचाला पांढरं होतं, पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तीन महिने काढा प्यायले. सोनोग्राफी झाली तेव्हा स्वादुपिंडाची गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. म्हाताऱ्या माणसाला न दुखता आलेली कावीळ ही दुखणाऱ्या काविळीपेक्षा वाईट असू शकते.

पाण्याकडे येते. पाऊस लागला की किल्ल्यात नर-मादी धबधबा बघायला लांबून लोक येतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर भिंत घालून तिच्या पोटात पाणीमहाल बांधला, चारशे वर्षांपूर्वी. पाणी कसं अडवायचं आणि कसं सोडायचं हे त्या लोकांना कळत होतं. आपल्याला अजून गटार आणि नळ वेगळे ठेवायला जमत नाही. नळाला पाणी सतत नसतं. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो, आणि जिथे तो फुटलाय तिथून बाजूच्या गटारातलं पाणी आत ओढतो. पुन्हा पाणी सुटलं की तेच आपल्या माठात. २०१२ साली आपल्याच महाराष्ट्रात इचलकरंजीत असंच झालं, अख्ख्या शहरात काविळीची साथ पसरली, माणसं गेली. दिल्लीत १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेचं घाण पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले.

हा हेपॅटायटीस ई. त्याला ओळख मिळायला आपल्याच देशातल्या एका डॉक्टरची नजर कामी आली. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले. त्यांना दिसलं की गरोदर बाया जास्त मरतायत, आणि रक्त तपासलं तर हा तेव्हा माहीत असलेला विषाणू नव्हे. बाकीच्यांत या आजाराने शंभरात एखादं माणूस जातं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शंभरात वीस-पंचवीस बाया जाऊ शकतात. हा आकडा वाचला तेव्हा मला भाभी आठवली. साथ काश्मीरची, पण आकडा आमच्या घरातला होता.

म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर उद्या नाही, आजच दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला फोन. सासूबाईंची परवानगी नंतर घ्या.

दुसरं म्हणजे नवजात बाळ. निम्म्याहून जास्त बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी होतात आणि एक-दोन आठवड्यांत निवळतात. पण जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत पिवळं पडलं, किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत पोचला, किंवा बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, तर थांबायचं नाही. पिवळं मेंदूत बसलं की मूल बहिरं होतं, अंग ताठरतं, आणि ते परत फिरत नाही. उपाय तसा साधा आहे, निळ्या उजेडाखाली ठेवणं. अंगणातलं कोवळं ऊन त्याची जागा घेत नाही. आणि दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळंच आहे, शौचाला चुन्यासारखं पांढरट होतंय, तर पित्ताची नळी बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तरच नीट उपयोग होतो. म्हणून दुपटं धुवायला टाकण्याआधी रंग बघा.

बाकीच्यांनी कधी जायचं? खरं तर डोळे पिवळे दिसले की एकदा रक्त तपासून घ्यायचंच. पण घाई कधी: बडबड, गुंगी, न थांबणारी उलटी, थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली जोराचं दुखणं, हिरड्यांतून रक्त, काळं शौच, पोट फुगणं. टीबीच्या गोळ्या चालू असताना पिवळेपणा आला तर गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात कावीळ असताना तापाच्या गोळ्या मनाने वाढवू नका, त्याही लिव्हरलाच जातात.

पथ्याचं विचारतात. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस. हळदीचा काही संबंध नाही, रंग सारखा एवढंच. भूक लागेल तसं घरचं साधं जेवण द्या. आणि हायवेवरच्या गाड्यावरचा उसाचा रस? त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते विचारा. कावीळ बरी करायला जाऊन नवी घेऊन याल.

हेपॅटायटीस बी आणि सी पाण्यातून येत नाहीत, रक्तातून येतात. न्हाव्याचा सगळ्यांना एकच वस्तरा, जत्रेतली गोंदवायची सुई, न उकळलेल्या हत्याराने केलेला खतना. यांत बऱ्याचदा माणूस पिवळा होतही नाही, आणि वीस वर्षांनी लिव्हर खराब झालेलं कळतं. बी ची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत. गरोदरपणात त्याची तपासणी करून घ्या. सी आता गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, साधारण तीन महिन्यांत.

शेजारी अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून गावातल्या साध्या बायांना भारतवैद्य म्हणून तयार केलं. कमी शिकलेल्या बाया होत्या त्या. त्या शिकल्या, तर डोळ्यांचं पांढरं बघायला तुम्हालाही यायला हरकत नाही. गल्लीत एका आठवड्यात तीन घरांत कावीळ दिसली तर आशाताईला सांगा आणि नगरपरिषदेत लेखी द्या, पाण्यातलं क्लोरीन तपासायला लावा. अर्जाची पोच घ्या. तोपर्यंत पाणी खळखळून उकळा आणि माठात हात बुडवू नका, ओगराळं वापरा.

मला बरंच बोलायला लावलंत. आता प्रश्न विचारा. आणि मागे हिरव्या ओढणीवाली बसलीय ना, तिच्या मांडीवरचं बाळ जरा दारात उजेडाकडे आणा. किती दिवसांचं आहे?